एक्स-रेला पाठवलेला शेजारी

सरकारी दवाखान्यात वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे तपासणी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. वरून साहेब येणार असा निरोप आला की आदल्या दिवशी कपाटातल्या नव्या चादरी बाहेर निघत. फिनाईल इतकं पडे की पेशंटांपेक्षा नातेवाईक जास्त खोकत. दाराजवळच्या पलंगांवर गुणी पेशंट आणून ठेवायचे आणि त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचं, जेवण वेळेवर मिळतं, सिस्टर गोड बोलतात. प्रत्येक वॉर्डात एक तरी पेशंट मात्र असा असतोच, ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही. साहेब यायच्या वेळी त्याला बरोबर एक्स-रेला पाठवायचं. हाड मोडलेलं असो की नसो. एक्स-रेची रांगच अशी होती, की साहेब येऊन, चहा पिऊन, चांगला शेरा मारून गेले तरी तो परत आलेला नसे.

म्हणून प्राण्यांच्या संस्थेतून फोन आला, "काकू, कुत्री दत्तक द्यायच्या आधी आम्ही घर पाहायला येऊ, शेजाऱ्यांशीही बोलू," तेव्हा मी जराही घाबरले नाही. आपल्या गल्लीतून एक्स-रेला कुणाला पाठवायचं, एवढंच मनात आलं. त्याचं उत्तर भिंतीपलीकडेच राहत होतं. चंपतराव.

पण आधी कुत्रीचं सांगते. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, कौसल्या सिस्टरच्या घरात कुत्रं, हे ऐकून माणूस खुर्चीतून उठून उभा राहील. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझा नियम होता, गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी टाका, पण गेटच्या बाहेर. माझ्या मुलीने, मेघाने, लहानपणी एका पिल्लासाठी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, तरी मी ऐकलं नव्हतं.

आणि आता मीच कुत्री आणायला निघाले होते. ती रविंद्रसाठी. रविंद्र म्हणजे मेघाचे बाबा. कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत फिटर होते. ते माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झाले, मी गेल्या दिवाळीत. मूळचा माणूस भारी बोलका. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले की चहाला उकळी फुटेपर्यंत त्यांची सगळ्या जगाची बातमी सांगून होत असे. संत्र्याला काय भाव आला, कुठे पूल खचला, कोण वारलं. मला पेपर वाचायची कधी गरजच पडली नाही.

मी रिटायर झाले, गल्लीत पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात हा माणूस मुका झाला. हो, नाही, जेवतो, झोपतो. एवढंच. पेपर समोर धरून बसायचे, पण बातमी एक सांगायचे नाहीत. मी त्याचा सरळ अर्थ लावला. बायको ड्यूटीवर होती तोवर गडी खुशीत होता, बायको घरी आली आणि याची मजा गेली. मला माझा आवाज माहीत आहे. वॉर्डात चालतो तो घरात जरा जास्तच होतो. कुठे दुखतं, म्हणून मी आयुष्यभर परक्या माणसांना विचारलं, पण नवऱ्याला विचारायची हिंमत होत नव्हती. "तू घरी आली तेच दुखते," असं म्हणाले असते तर काय केलं असतं मी?

मग फेब्रुवारीत एकदा आम्ही धरमपेठेत चपला घ्यायला गेलो. एका मैदानात मांडव टाकला होता आणि दत्तक द्यायची कुत्री आणली होती. मी पुढे चालत होते. मागे वळून पाहते तर हे गायब. परत गेले, तर हे मांडवात जमिनीवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात एक तपकिरी कुत्री. एक कान फाटलेला, शेपटी वेटोळं घातलेली.

"काय वं बाई," हे तिला म्हणत होते, "कान कोनं फाडला तुह्या? सांगत नाहीस? बरं, नको सांगू. आमच्या कन्हानले एक होती तुह्यासारखी. ती तर खाणीच्या भोंग्यासंगं रडे, माहीत हाय का तुले?"

आणि हे बोलतच राहिले. भोंग्याचं, उन्हाचं, कँटीनवाल्याचं. ती कुत्री मान तिरकी करून ऐकत होती. मी चपलांची पिशवी हातात धरून मागे उभी होते. दिवाळीपासून माझ्याशी जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्यांनी तिथे बसून तिला सांगितलं. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण तिथेच उभ्या उभ्या मी ठरवलं, ही घरी यायला पाहिजे. माझ्याशी नाही तर नाही, निदान घरात यांचा आवाज तर येईल.

संस्थेतल्या मोनाली नावाच्या मुलीने तिचं नाव जिलेबी असल्याचं सांगितलं. शेपटीवरून. आणि हेही सांगितलं, "काकू, ही दोन घरांतून परत आली आहे. एकटी राहिली की रडते, मग लोक कंटाळतात. आता पुन्हा परत आली तर ती खाणंपिणं सोडेल. त्यामुळे हिचं घर आम्ही फार पारखून देणार. नाही जमलं तर राहील आमच्याकडेच."

एप्रिलमधल्या एका रविवारी मोनाली घर पाहायला येणार असं ठरलं आणि मी कामाला लागले. पडदे धुतले. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या काचा पुसल्या. कुत्रीसाठी नवी चादर आणली, निळ्या फुलांची. वरांड्यात कूलरच्या स्टँडखाली फरशीवर गंजाचा एक अर्धगोल डाग होता. तो मी घासून घासून थकले, ॲसिड टाकलं, पण निघाला नाही. स्टँडची चाकं जागची हलायचं काही कारण नव्हतं, कारण कूलरचं तोंड कायम हॉलच्या खिडकीकडे. तसं त्या कूलरवरून आमची जुनीच कटकट होती. उन्हाळ्यात मी ड्यूटीवरून भाजून यावं, तर टाकी कोरडी ठणठणीत आणि हॉल भट्टीसारखा तापलेला. "दिवसभर कूलर लावता तं घर गरम काहून?" असं विचारलं की हे म्हणत, "स्टँड हलते वं." मी शेवटी त्या डागावर पायपुसणं टाकलं.

ह्यांनी मात्र, मी न सांगता, गेटखालच्या फटीला जाळी मारली. जाळी मारताना चक्क शीळ वाजवत होते. मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत राहिले.

मग गल्लीची तयारी. समोरची देवकी गच्चीवर कुरडया घालत होती. तिथे जाऊन मी तिच्याकडून पाठ करून घेतलं, "कौसल्याताईंचं घर शांत, प्रेमळ आणि प्राण्यांसाठी सुरक्षित आहे."

"प्रेमळ जरा जास्त नाही होत का, ताई?" देवकी म्हणाली.

"काहून? मी प्रेमळ नाही का?" मी विचारलं.

"नाही नाही, हाव ना," असं म्हणून तिने ते निमूट पाठ केलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भैय्याजींनाही मी तेच वाक्य दिलं.

उरले चंपतराव. त्यांचं घर आणि आमचं घर एका भिंतीत. माणूस तक्रारीवर जगतो. नळाला पाणी आलं तर गढूळ का आलं, नाही आलं तर का नाही आलं. मेघाच्या लग्नातल्या बँडची तक्रार ते अजून करतात, तिला मूल झालं तरी. यांना मोनालीपुढे उभं करणं म्हणजे जिलेबीला हातानं परत पाठवणं. नशिबानं त्यांची बायको तेव्हा रामटेकला भावाकडे गेली होती.

"वहिनीले एवढ्या उन्हात एकटीले येऊ देता का जी?" मी भिंतीवरून म्हटलं. "रविवारी जा ना घ्यायले. गडावर दर्शन बी होते. मी सांबारवड्या करून देतो डब्यात."

चंपतराव भक्तीने विरघळले नसते, कोथिंबिरीच्या त्या सांबारवड्यांनी विरघळले. रविवारी सकाळी डबा काखेत मारून ते बस स्टँडकडे गेलेले मी स्वतः गेटमधून पाहिले. माझा पेशंट एक्स-रेला गेला.

मोनाली आली ती तोंडाला दुपट्टा गुंडाळून, घामाने निथळत. मी खुर्ची दिली, ती खाली फरशीवर बसली. कैरीचं पन्हं प्यायली. सगळं घर हिंडून आली आणि म्हणाली, "घर खूपच स्वच्छ आहे, काकू." साहेब लोक हे वाक्य म्हणायचे तेव्हा आम्ही खूश व्हायचो. हिने ते काळजीच्या सुरात म्हटलं.

"काका, तुम्हाला कुत्र्यांची सवय आहे का?" तिने विचारलं.

इस्त्रीच्या शर्टातले रविंद्र ताठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. लहानपणापासून," ते म्हणाले. मी शिकवलं होतं तसंच.

"जिलेबी रडली तर काय कराल?"

पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "प्रेमाने समजावू."

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे देवकी कुरडयांची परात घेऊन सहज म्हणून आली आणि एका दमात म्हणाली, "कौसल्याताईंचं घर शांत, प्रेमळ आणि प्राण्यांसाठी सुरक्षित आहे." तिच्यामागून भैय्याजी आले. "कौसल्याताईंचं घर शांत," ते म्हणाले आणि अडकले. मी मोनालीच्या पाठीमागून ओठ हलवले, प्रेमळ, प्रेमळ. "...हाव, अन् प्रेमळ," भैय्याजी म्हणाले, "अन् ते प्राण्याचं पुढचं."

मोनालीने ग्लास खाली ठेवला. तिला हसू आलं होतं, पण टिकलं नाही.

"काकू, तुम्ही सगळ्यांना शिकवून ठेवलं ना?" ती म्हणाली. "मला राग नाही आला. पण आधीची दोन्ही घरं अशीच होती. सगळे छान छान बोलले आणि महिना झाला नाही तर जिलेबी परत. मला कोणीतरी खरं काय ते सांगायला पाहिजे होतं." ती उठली. "मी ऑफिसमध्ये विचारून कळवते."

हे वाक्य मला चांगलं ठाऊक आहे. पेशंटच्या नातेवाइकांना मी कितीदा तरी ऐकवलं आहे, आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते कोपऱ्यातल्या निळ्या फुलांच्या चादरीकडे बघत होते. आयुष्यभर तपासण्या पास केल्या आणि जी खरी होती, तीच नापास.

तेवढ्यात गेट वाजलं. चंपतराव! काखेत रिकामा डबा.

"बसमंधी पाय ठेवाले जागा नाही," ते दारातूनच ओरडले. "वड्या तिथंच बाकड्यावर बसून खाल्ल्या. मीठ कमी होतं. हे कोन आलं?"

"काही नाही जी," मी घाईने म्हटलं, "ह्या चालल्याच आता."

"मी मोनाली. काका-काकूंना कुत्री द्यायची की नाही ते पाहायला आली. तुम्ही शेजारी का?"

"यांना काही माहीत नसते," मी म्हटलं.

"मले माहीत नसते?" चंपतरावांनी डबा खाली आपटला. "भिंतीले भिंत लागून हाय अन् मले माहीत नसते? कुत्र्याची चौकशी अन् मलेच इचारत नाही? बसा तुमी, पोरी. मी सांगतो या माणसाचं कुत्र्याचं."

मी डोळे मिटून घेतले.

"दोन वर्षं या माणसानं माही दुपारची झोप खराब केली. या बाई गेल्या ड्यूटीवर, का तो शेरू गेट ढकलून अंदर. शेरू म्हंजे गल्लीतला काळा कुत्रा, म्हातारा. मंग हे काय करे? कूलरचं तोंड फिरवून वरांड्यात करे. त्या कुत्र्यासाठी! अन् त्याच्यापुढं बसून पेपर वाचे. मनात नाही जी, मोठ्यानं! कूलरच्या वर आवाज काढून! संत्र्याचा भाव वाचे, कोन मेलं ते वाचे, राशीभविष्य बी वाचे. आता कुत्र्याची रास कोनती, सांगा मले!"

कोपऱ्यातून आवाज आला. "सिंह."

आम्ही सगळे वळलो. रविंद्र माझ्याकडे न पाहता बोलत होते. "शेरू होता ना तो. म्हनून सिंह. आपला इश्वास नाही राशीवर, पन त्याले आयकाले आवडे."

मोनाली पुन्हा खाली बसली. मी वरांड्यात गेले आणि कूलरखालचं पायपुसणं पायाने बाजूला सारलं. गंजाचा अर्धगोल खिडकीपासून निघून थेट वरांड्याच्या कोपऱ्याकडे वळला होता. रोज फिरवल्याशिवाय लोखंडी चाकाचा असा माग उमटत नाही. मी तो ॲसिडने पुसायला निघाले होते.

"मग शेरू कुठे आहे?" मोनालीने विचारलं.

चंपतरावांचा आवाज खाली आला. "गेला बिचारा. झोपेतच गेला, याच वरांड्यात. आमी दोघांनी नाल्याकडच्या कडुनिंबाखाली गड्डा खोदला. तवापासून हे पेपर मनातच वाचतात. अन् मले दुपारी झोप येऊन नाही राहिली. या मोतीबिंदूनं मले काही वाचता येत नाही. काय आलं पेपरमंधी, तेच समजत नाही."

"कधीची गोष्ट?" मी विचारलं.

"तुमच्या रिटायरमेंटची. तुमी गल्लीत पेढे वाटून राहिल्या होत्या. एका हातात पेढा अन् एका हातात फावडं."

मी वरांड्यातच बसले. मोनाली होती, देवकी होती, भैय्याजी होते, पण मला कुणाची लाज वाटली नाही. मी ह्यांना विचारलं, "अवो, मंग मले सांगतलं काहून नाही? मले वाटलं, मी घरी आली म्हनून तुमी बोलनं बंद केलं."

ते दचकलेच. "तुह्यामुळं? वेडी हायेस का वं? तू घरी राहते म्हनून तं दिवस निघते माह्या. पन तुले कसं सांगू? तू कुत्र्याले गेटच्या आत येऊ देत नव्हती. अन् त्या दिवशी तू एवढी खुश होतीस, नवी साडी नेसून. मी काय म्हनू, कुत्र्यासाठी रडून राहिलो?"

एवढे महिने मी ज्या उत्तराला भीत होते, ते मुळात नव्हतंच. छातीवरून दगड काढून घ्यावा तसं मला हलकं वाटलं आणि मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले. देवकी परात टाकून धावली. चंपतराव घाबरून म्हणाले, "मी खरं तेच सांगतलं जी, याच्यात माही काय चूक?"

"काही चूक नाही तुमची," मोनाली डोळे पुसत म्हणाली. "काका, शेवटचं विचारते. जिलेबी रडली तर काय कराल?"

या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रडन कशी?" ते म्हणाले. "मी घरीच असतो ना दिवसभर. अन् रडली तं तिले पेपर वाचून दाखवीन."

"जिलेबी तुमचीच," मोनाली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात जिलेबी आली. निळ्या फुलांच्या चादरीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वरांड्याच्या कोपऱ्यात, त्या गंजाच्या खुणेच्या टोकाशी जाऊन अंग टाकलं, जशी काही तिला जागा दाखवूनच ठेवली होती. पहिल्या दिवशी मी बाजारात निघाले तेव्हा थोडी कुरकुरली. हे तिच्या शेजारी बसले तशी गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये पडले होते. कूलर खिडकीतून मस्त गार वारा देत होता. बाहेर वरांड्यात, झळांमध्ये, ह्यांनी पेपर उघडला. घसा साफ केला. पण मी झोपले आहे असं समजून दबक्या आवाजात सुरुवात केली, "संत्र्याच्या भावात..."

भिंतीपलीकडून लगेच आरोळी आली. "जोरानं वाचा ना जी! काही आयकू येऊन नाही राहिलं!"

मी उठले, वरांड्यात गेले आणि कूलरच्या स्टँडला दोन्ही हात लावले. चाकं करकरत त्या जुन्या खुणेवरून बरोबर फिरली. गार झोत जिलेबीच्या अंगावर आला, तिचा फाटका कान हलला. ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं.

"हॉल गरम होईन ना वं," ते म्हणाले.

"होऊ द्या," मी म्हटलं आणि जिलेबीच्या शेजारी फरशीवर बसले. "अन् पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं."